करडईच्या तेलाचा ब्रेक

आमची जीप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि माझ्याइतकीच हट्टी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वालूर ते सेलू रस्त्यावर सवाऱ्या भरून ती वर्षानुवर्षं चालवली. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती माझ्याकडे आली. मी शेळ्या पाळते. त्यांचा चारा, बाजाराला न्यायची बोकडं, आजारी पडलेलं एखादं पिल्लू, सगळं तिच्याच पाठीवर जातं.

मागच्या उन्हाळ्यात पुढच्या ब्रेकमधून खर्रर्र असा आवाज यायला लागला. चाकं काढून पाहिलं तर दोन्ही डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना पकडतो त्या लोखंडी तबकड्या, झिजून पार पातळ झालेल्या. सेलूच्या मेस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला भंगारवाल्याचा नंबर दिला. अण्णांनी तो त्याच संध्याकाळी लावला. भंगारवाला सोमवारी येतो म्हणाला.

"सोमवारच्या आत मी डिस्क बदलते," मी म्हणाले.

"तू? आन् रस्त्यात काई झालं तर? मी न्हाई बसनार त्या गाडीत."

"नका बसू. पण ब्रेक लागला तर गाडी ऱ्हाईल. बोला, कबूल?"

अण्णांनी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की माझी कीव करून, हे मी विचारलं नाही. लहानपणी त्यांना पाने देत मी याच गाडीखाली लोळलेली. कुठला पाना कुठल्या नंबरचा हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

परभणीहून नव्या डिस्क आणि ब्रेकचे पॅड आणले. शुक्रवारी डावं चाक झालं. शनिवारी उजवं धरलं, आणि तिथं जुन्या डिस्कचा शेवटचा बोल्ट अडून बसला. त्याला डिझेल पाजलं, पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि पाइपावर चक्क उभी राहिले.

"उलटं फिरवायलीस," अण्णा बाजेवरून म्हणाले.

मी उलटं फिरवत नव्हते. ते पुन्हा तेच म्हणाले तेव्हा मी पाना त्यांच्यापुढे धरला, तसं त्यांनी तोंड शेळ्यांकडे फिरवलं. तिसऱ्या झटक्याला बोल्ट कटकन सुटला. मला इतका आनंद झाला की जीपचाच मुका घ्यावासा वाटला.

नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून कारखान्यातच तेल चोपडलेलं असतं. ते धुऊन काढावं लागतं, कारण डिस्क तेलकट राहिली तर ब्रेक धरत नाही. मी डिस्क पेट्रोलनं धुतली, ओट्यावर ठेवली आणि भाकरी खायला आत गेले. परत आले तर डिस्कच्या मधोमध कुंकवाची पाच बोटं. आमच्याकडे नवं लोखंड पुजल्याशिवाय वापरायला काढत नाहीत. हे आईचंच काम, असं मी धरून चालले. मधल्या भागाला ब्रेक लागत नाही, तेव्हा कुंकू असलं काय नि नसलं काय. माझे हात ग्रीसनं कोपरापर्यंत बरबटलेले होते, म्हणून डिस्क कापडात धरून बसवली. तिच्यावरून एकदा स्वच्छ बोट फिरवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

मोकळ्या रस्त्यावर हळूहळू जाऊन ब्रेक दाबला. जीप एकदम डावीकडे ओढली गेली आणि बाभळीला घासून थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आणि सगळीकडे भजी तळल्याचा वास.

कशीबशी घरी आले. अण्णा फाटकात उभे होते. "म्या म्हणलं नव्हतं?"

मी चाकाच्या आडोशाला बसून रडले. मग डोळे पुसले आणि चाक काढलं. उजवी डिस्क चिकट झाली होती, पॅड तेल पिऊन काळे पडले होते. नाक जवळ नेलं. करडईचं तेल.

"आई, ब्रेकला फोडणी दिलीस का गं?" मी ओरडले.

आई चुलीपासूनच म्हणाली, "म्या कशाला देऊ? तेलाची बाटली तर तुझे अण्णा घेऊन गेलते."

अण्णांनी फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "फाळ आसू द्या का इळा, नव्या लोखंडाला आमी तेल लावतोच. तू एकटी हिंडनार. तुला काई होऊ नये म्हून लावलं."

माझा राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. त्या तेलापायी मी नाल्यात गेले असते. पण तुझ्या गाडीत बसणार नाही म्हणणारा हा माणूस तसल्या गुडघ्यांनी उठून चुलीपर्यंत गेला होता, हेही डोक्यातून जाईना. मी पेट्रोल आणि फडकं त्यांच्यापुढे ठेवलं. "आता तुमीच धुवा." त्यांनी डिस्क तीनदा धुतली आणि दर वेळी वास घेऊन पाहिली.

रविवारी सकाळी सेलूहून नवे पॅड आणले, दुपारी बसवले. संध्याकाळी चावी फिरवली तर अण्णा शेजारच्या सीटवर चढत होते.

"तुमी तर बसनार नव्हते?"

"तेल म्या लावलं. मग बसाया नगं?"

दुधानं तोंड पोळलेलं, त्यामुळे मी ताकही फुंकून पीत होते. आधी अगदी हळू, मग जरा वेगानं, मग आणखी वेगानं. अण्णांनी एका हातानं समोरचा दांडा घट्ट पकडला होता आणि दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर असे रोवले होते की ब्रेक जणू त्यांच्याच पायाखाली आहे. बाभळीजवळ आलो.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबला. जीप रेघ मारल्यासारखी सरळ थांबली.

"आनखी एकदा."

पाच-सहा वेळा झालं. मग अण्णांनी खिशातून मोबाइल काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "उद्या येऊ नका. गाडी पोरीला लागती."

परतीच्या वाटेवर मी गाडी वेगात सोडली. तिरक्या नजरेनं पाहिलं. अण्णांनी चपला काढल्या होत्या आणि पाय सैल सोडून ते बाहेरचं रान बघत बसले होते.