शिवळ काढतानाचा फोटो

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी बॅटरीला दोष द्यायचा. साताऱ्याहून शिरूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी कॅमेऱ्याची जादा बॅटरी मी पिशवीत घातली आणि थोड्या वेळाने बाहेर काढून ठेवली.

वर्षानुवर्षं मी ती प्रत्येक प्रवासात नेत आलो होतो. गरज क्वचितच पडली. जेमतेम काडेपेटीएवढी वस्तू, तिचं ओझं कसलं? पण मित्रांना माझ्या पिशवीची थट्टा करायची सवय लागली होती. "हा माणूस छत्रीसाठीसुद्धा दुसरी छत्री आणेल," असं कुणीतरी मागच्या सहलीत म्हणालं आणि ते मनाला लागलं. ती बॅटरी म्हणजे माझ्या भित्र्या स्वभावाची खूण आहे, असं मला वाटू लागलं.

"अहो, राहू दे की पिशवीत," सुनीता, माझी बायको, म्हणाली. "तिला काय भाकरी घालायची आहे?"

"दोन दिवसांसाठी एक पुरते," मी म्हणालो आणि बॅटरी कपाटात ठेवून दिली. एरवी निर्णय घेताना मी फार घोळ घालतो. हा मात्र झटक्यात घेतला आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

कार्यालयातला माझा एक तरुण सहकारी न्हावऱ्याचा. त्याचे चुलते आप्पा बैलगाडा शर्यतीचे शौकीन. "यंदा त्यांच्या बैलाची शेवटची बारी आहे," तो म्हणाला होता. (बारी म्हणजे शर्यतीतली एक धाव.) "तुम्ही जा. फोटो काढा. आप्पांना फार आनंद होईल."

पुण्यात बस बदलली. वाघोलीच्या पुढे रस्ता मोकळा होईल असं वाटलं होतं, पण रांजणगावापर्यंत कंपन्यांच्या बस आमच्या पुढे-मागे होत्या. पाळी सुटलेली पोरं खिडकीला डोकं टेकून झोपली होती. शिरूरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदी म्हणतात. ती नदी पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. फाल्गुन संपत आल्याने पाणी मागे सरकलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलात शराटी (लांब, वाकड्या चोचीचे पक्षी) चालत होते, खडकावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मी फोटो काढत सुटलो. एकाच पाणकावळ्याचे इतके काढले की शेवटी तोच कंटाळून उडून गेला.

तिथून एसटीने न्हावऱ्याला गेलो. आप्पा फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभेच होते. पांढरी दाढी, टोपी, आणि कपाळाला सकाळीच लागलेला गुलाल.

"या पावणं! क्यामेरा आणला न्हवं?"

"आणलाय ना."

"मग बाकी काय आणलं न्हाई तरी चालतंय."

घराच्या एका बाजूला कांदा पसरला होता, दुसऱ्या बाजूला गाईंचा गोठा. गोठ्याबाहेर लिंबाखाली पाखऱ्या बांधला होता. पांढराशुभ्र, बांधेसूद, शिंगांना ताजा रंग लावलेला बैल. काकूंनी पुरणपोळीचा पहिला घास त्याला भरवला, मग आम्हाला वाढलं. माझ्या सहकाऱ्याला घरात बारक्या म्हणत. काकू मला म्हणाल्या, "बारक्यानं सांगितलं हुतं, तुमच्या क्यामेऱ्याला चार्जिंग लागतंय म्हून. लावा की. बटन हितंच हाय."

सकाळच्या पाणकावळ्यांनी बॅटरी निम्मीहून खाली आणली होती. जेवण व्हायला, दुपार कलायला पुष्कळ वेळ होता आणि चार्जर पिशवीतच होता. पण मी म्हणालो, "नको काकू, पुरेल." का म्हणालो, हे आजही मला नीट सांगता येत नाही. घरून ठरवून निघालो होतो ना, की पुरेल; मग ती पुरलीच पाहिजे, असं काहीतरी डोक्यात असावं.

जेवताना आप्पांनी मला सगळं समजावलं. एका गाड्याला चार बैल लागतात. एवढे बैल एका घराला परवडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या गावचे मालक आपापले बैल एकत्र आणतात. पाखऱ्याचा जोडीदार मल्हार, पाबळकडच्या नानांचा. ही दोघं नेहमी पुढच्या जोडीत पळाली. आता दोघांचंही वय झालं आणि नानांचेही गुडघे गेले. मुलगा रांजणगावला पाळ्या करतो, बैलाकडे बघायला कुणी नाही. म्हणून आजची बारी झाली की मल्हार नानांच्या लेकीकडे दौंडजवळ जायचा होता.

"आमच्यात एक रीत हाय," आप्पा म्हणाले. "शेवटची बारी झाली की गाडा सोडायचा, पन जोडी तशीच जुवाखाली उभी ठेवायची. मग मी मल्हारची शिवळ काढायची आन् नानानं माझ्या पाखऱ्याची." शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाशी, बैलाच्या मानेलगत घालतात ती काठी. "ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या बैलाला मोकळं करायचं. एकदा काढली की पुन्यांदा त्या मानंवर जू घालायचं न्हाई. कवाच न्हाई. तेवढा फोटो पायजे मला. बाकी काढा, नाय तर नका काढू."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दाराशेजारी नवा खिळा ठोकलेला होता.

घाटावर (चढाच्या धावपट्टीला इकडे घाट म्हणतात) धूळ, भोंगे, भेळेच्या गाड्या आणि माणसंच माणसं. नाना आधीच येऊन बसले होते. उंच, काळेसावळे, अबोल. आप्पांनी त्यांच्या पाठीत थाप मारली.

"नान्या, आज तरी हस की लेका. फोटोवालं पावणं आलंत."

"तुझ्या पाखऱ्यासारखा न्हाई मी," नाना म्हणाले. "पळायचं कमी, आन् पब्लिककडं बघायचं जास्त, तसलं जमत न्हाई."

"माझा पाखऱ्या बघतो? आरं, मल्हारला वाट त्योच दावतो!"

त्यांच्या बारीला वेळ होता. मी आधीच्या गाड्यांचे फोटो काढत राहिलो. पुढे घोडेस्वार, मागे चार बैल, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं वर जाऊन पोचतं. असलं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. बोट बटणावरून उचलेना. नानांचा-आप्पांचा गाडा सुटला तेव्हा "भिर्रर्र" असा एकच आवाज उठला आणि पाखऱ्या-मल्हार धुळीतून अशा तोऱ्यात वर गेले की भोंग्यावरच्या माणसाचा आवाज चिरकला. पहिला नंबर आला नाही, पण चांगले धावले. मीही सगळं टिपलं, धुळीसकट.

नंतर बाजूच्या नांगरटीत आम्ही पाच-सहा जण गेलो. गाडा सोडला. जोडी जुवाखाली धापा टाकत उभी. आप्पा मल्हारच्या मानेशी, नाना पाखऱ्याच्या. दोघांनी शिवळांवर हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मल्हारला न्यायला आलेल्या पिकअपचा ड्रायव्हर खिशातून मोबाईल काढत होता.

"ठेव त्यो आत," आप्पा त्याच्यावर ओरडले. "पावणं मोठ्या क्यामेऱ्यानं काढत्यात. तुझा आंगठा येतो सगळ्या फोटोत."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आत काळोख होता. बटण दाबलं. काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केला. काही नाही.

माझ्याही खिशात मोबाईल होता. "जरा थांबा" एवढं म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मोठ्या कॅमेऱ्याची कौतुकं नुकतीच सांगून झाली होती. मी तसाच, मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणालो, "हं, काढा आता... छान... नाना, इकडे बघा..."

आणि नाना हसले. डाव्या गालात, थोडंसं, पण हसले. दोन्ही शिवळा निघाल्या. जू खाली आलं. भोंग्याच्या गलक्यात माझ्या कॅमेऱ्याचा आवाज झाला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आला का?" आप्पांनी विचारलं.

"आला," मी म्हणालो.

खोटं बोलून मोकळा होईन असं वाटलं होतं, पण शिक्षा लगेच सुरू झाली. मल्हारला पिकअपमध्ये चढवताना नाना म्हणाले, "दौंडलाच जायचंय ना तुमाला? बसा म्होरं, एसटीला कशाला उभं ऱ्हाता." रात्री दौंडला राहून सकाळची गाडी धरणार, हे मी जेवतानाच सांगितलं होतं; आता नाही म्हणायला कारण सुचेना. आप्पांनी पिकअपच्या फळीवरून हात घालून मल्हारच्या वशिंडावर थोपटलं आणि पाठ फिरवून चालू लागले. गाडी निघेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

भीमेचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर तांबडा उजेड होता. पलीकडे उसाचं रान आणि गुऱ्हाळं लागली. नानांनी एका गुऱ्हाळावर गाडी थांबवायला लावली. कढईतल्या रसाचा गोड, जड वास दूरवर येत होता. कामगार उत्तरेकडचे. त्यातल्या एकाने मल्हारकडे बघून विचारलं, "कहाँ ले जा रहे हो, बाबा?"

"बेटीके घर सोडनेको," नाना म्हणाले. "सासुरवाडी जा रहा हय."

तो माणूस खो खो हसला आणि त्याने गरम गुळाचा खडा दिला, पैसे घेतले नाहीत. नानांनी तो फुंकून फुंकून निववला आणि मल्हारला चारला. गूळ लागलेलं बोट मला दाखवून म्हणाले, "चाटता का?" मग स्वतःच चाटलं.

गाडी पुन्हा सुरू झाल्यावर ते बराच वेळ बोलले. अबोल माणूस एकदा बोलू लागला की मध्ये थांबवता येत नाही. "आप्पाला म्हणलं असतं, तर त्यानं मल्हारला ठिवून घेतला असता. पन त्याच्या गोठ्यात गाया मावत न्हाईत. मागायला जीभ उचलंना." थोड्या वेळाने: "त्यो फोटो एक मलाबी पाठवा. लेकीच्या गोठ्यात लावतो. मल्हारला काय कळतंय म्हना. पन मला कळतंय."

मी "हो" म्हणालो. म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि या वेळी मला घाईही नव्हती.

दौंडमध्ये लॉजवर आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावली. मग अंथरुणावर बसून सगळे फोटो पुन्हा पाहिले. पाणकावळे, शराटी, धूळ, दुसऱ्यांचे बैल, धुळीत पळणारे पाखऱ्या-मल्हार. हे फोटो चांगले होते, म्हणून जास्तच वाईट वाटलं. यातलाच एखादा मोठा करून पाठवावा, "तो नीट आला नाही" म्हणावं, असाही विचार केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी स्टेशनवर गेलो. दौंडचं स्टेशन मोठं, जंक्शनचं. गाड्या येतात, माणसं उतरतात आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत सामानावर बसतात. चहावाल्याने माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला.

"साहेब, आमचाबी काढा की एक. किटलीसंगट."

मी काढला. खट् असा आवाज झाला. भरलेल्या बॅटरीचा तो आवाज मला एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

"आला का?" त्याने विचारलं.

"आला," मी म्हणालो आणि त्याला दाखवला.

"झ्याक!" तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

तोच प्रश्न, तेच उत्तर. फरक इतकाच की याला मी दाखवू शकलो. गाडी आली. मी चढलो नाही. स्टेशनाबाहेर येऊन एसटी धरली, चौफुल्याला बदलली आणि पुन्हा भीमा ओलांडून न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरलो. या वेळी न्यायला कुणी नव्हतं. ऊन चांगलंच तापलं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य बॅटरीपासून सुरू होत होतं.

आप्पा लिंबाखाली पाखऱ्याला खरारा करत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला.

"आरं! पावणं परत? फोटो घिऊन आलं काय लगीच?"

"आप्पा, फोटो नाही," मी म्हणालो. "कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. दुसरी घरी राहिली. म्हणजे मीच ठेवली. काकू म्हणत होत्या, लावा चार्जिंगला, तर मी..."

खरारा थांबला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग दूर कुठेतरी.

"म्हंजी आमी दोघं येड्यागत डब्याकडं बघून हसलो व्हय?"

"हो."

"नान्या हसला. लेकीच्या लग्नात न्हाई हसला त्यो." ते दगडावर बसले. "आन् मी त्या पोराला मोबाईल आत ठिवायला लावला."

मला पुन्हा बॅटरीच आठवली. "दुसरी बॅटरी असती तर..."

"बॅटरीचं ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ती संपनारच की. पाखऱ्या दमला, आमी दमलो, बॅटरी संपली तर काय? तवा सांगायचं हुतं. आमी थांबलो असतो. बैलबी थांबलं असतं. तुमचं काय ते सांगा."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी तो खिळा दिसत होता. आप्पांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला.

"नान्या, काल आलं हुतं ते पावणं हायती हितं. त्यास्नी तुला कायतरी सांगायचंय. मल्हारनं खाल्लं का सकाळी?"

"खाल्लं. पन इकडंतिकडं बघतोय," पलीकडून नाना म्हणाले. "दे त्यास्नी."

आप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. स्वतः उठले नाहीत, गेले नाहीत. दोघांनी एकत्रच ऐकायचं होतं.

"नाना," मी म्हणालो, "तुमचा फोटो मी काढलाच नाही, आणि काढला असं सांगितलं. आप्पांनाही तेच सांगितलं. तुम्ही थांबला असता, पण माझी शान जाईल म्हणून मी तुम्हाला थांबू दिलं नाही. तो क्षण परत येणार नाही. माझं चुकलं. तुम्ही दोघांनी मला माफ करा."