शेजारच्या ताऱ्याचा उजेड

अड्याळजवळच्या तलावाच्या पाळीवर ती बाई मला एकदाच भेटली. नुकताच अंधार पडला होता. गाडीतलं पेट्रोल संपल्यामुळे मी मित्राची वाट पाहत उभा होतो. ती दुर्बिणीवर वाकलेली होती. मध्येच चष्मा पदराने पुसायची, आणि पुसताना तिचा राग बाहेर पडायचा.

एका ताऱ्याचा उजेड कमी-जास्त होतो, तो ती मोजत होती. यंदा तो फारच मंद झाला होता. तिनं उजेडाचा तो आकडा शहरातल्या आकाशनिरीक्षकांच्या मंडळाला कळवला, तर उत्तर आलं, तुमची चूक झाली, आकडा मागे घ्या.

"चूक माझी काहून?" ती म्हणाली. "त्याच्या अगदी बाजूले दुसरा तारा हाये, भाऊ. त्यायनं दोघांचा उजेड एकात मोजला. मग हा मंद झालेला दिसन कसा?"

मी समजुतीनं म्हणालो, "ताई, मग तुमच्या आणि त्यांच्या मधला आकडा धरायचा."

"मधला आकडा कोणत्या ताऱ्याचा?"

तिनं मला दुर्बिणीत पाहायला लावलं.

"किती दिसून राहिले?"

"दोन," मी भिडेखातर म्हणालो.

"खरं सांगा."

"एकच."

"मग पाहत राहा."

बऱ्याच वेळानं त्या ठिपक्याला चिकटलेला दुसरा, अगदी पुसट ठिपका दिसला. तोच तिचा तारा. नीट न पाहताच तिला चुकीचं ठरवणाऱ्यांचा मलाही संताप आला.

मी निघालो तेव्हा ती मोबाईलवर तोच आकडा मंडळाला पुन्हा पाठवत होती. खाली तिनं लिहिलं होतं, "आधी दोन तारे पाहा, मग माझी चूक काढा."