पदवीवरचं प्लास्टिक

राग आला की कोणी भांडी आपटतं, कोणी दारं आपटतं. तिचं तसं नाही. राग आला की ती गप्प होते आणि झपाटल्यासारखी कामं उरकायला लागते. त्या दिवशी शिक्क्याच्या ऑफिसातून घरी आली तशी पर्स खुर्चीवर टाकून तिने दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, ओले घातले, आणि त्याच तारेत ते ओलेही काढून घड्या घालायला बसली. तिसरी घडी घालताना हाताला गार लागलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि तिला रडू फुटलं. खाली दुकानात तिचे बाबा कोणाच्या तरी ओळखपत्राला प्लास्टिक चढवत होते. मशीनचा तो गरम वास जिन्यावरून वर आला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तर झालं होतं असं. ती एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढते. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हे दिवसभर सांगून सांगून घसा बसतो बाईचा. नवरा परदेशात एका गोदामात कामाला. लेक तान्ही असताना गेला, आता ती शाळेत जाते आणि बाप म्हणजे फोनमध्ये राहणारा माणूस अशी तिची पक्की समजूत आहे. एकदा बोलता बोलता बॅटरी उतरली, तर पोरगी शहाण्यासारखी म्हणाली, बाबा झोपले. सगळे हसले, हिला काही हसू आलं नाही. त्याच दिवशी तिने चंग बांधला. नवऱ्याच्याच शहरात एका इस्पितळाला एक्स-रेवाली माणसं हवी होती. फोनवर मुलाखत झाली, तिचं काम त्यांना पसंत पडलं. व्हिसाचा अर्ज भरून झाला, डिग्रीचा स्कॅनही जोडून झाला. राहिलं होतं ते एवढंच, की मूळ डिग्रीच्या पाठीवर सरकारी शिक्का मारून आणायचा, म्हणजे ती खरी आहे हे तिकडच्या लोकांना पटणार. महिनाअखेरपर्यंत ते पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला. तिघांनी एका घरात राहायचं की नाही, ते त्या शिक्क्यावर येऊन अडलं होतं.

आणि खिडकीतल्या साहेबाने डिग्री हातात घेतली, नखाने टकटक वाजवली आणि परत सरकवली. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही म्हणे. शाई पुसली जाते. सबब मूळ प्रत खराब झालेली आहे, दुसरी काढून आणा. ती म्हणाली, साहेब, अक्षर न् अक्षर वाचता येतंय, बघा तरी. साहेब म्हणाला, मला वाचायचं नाहीये, मला शिक्का मारायचाय. त्याच्या स्वतःच्या गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं, तेही झकासपैकी लॅमिनेट केलेलं. प्लास्टिक सोलून काढायचं म्हटलं तर त्याच्याबरोबर शाईही सोलून निघणार, हे लॅमिनेशनवाल्याच्या मुलीला कोणी सांगायला नको. ती मागच्या पावली घरी आली.

आता बाबांविषयी सांगायला हवं. सगळी आळी त्यांना प्लास्टिककाका म्हणते. खाली झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान, वर घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून लेक हेच सर्वस्व, आणि आता नात. तरुणपणी ते मॅट्रिक झाले होते, चांगल्या गुणांनी. ऑफिसात चिकटायचं ठरलं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, घरात पाणी शिरलं आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. शाळेने दाखल्याची दुसरी प्रत देतो देतो म्हणून इतके हेलपाटे घालायला लावले की नोकरी हातची गेली. माणूस मॅट्रिक झाला तो झाला, पण तसं म्हणायची चोरी झाली. मग कधीतरी हे मशीन घेतलं आणि दिसेल त्याला प्लास्टिक चढवायचा सपाटा लावला. लसीचं कार्ड, विजेचं बिल, नातीने काढलेला पहिला हत्ती, सगळं प्लास्टिकमध्ये. नातीचा पहिला पडलेला दातही त्यांनी पाऊचमध्ये घालून मशीनला लावला होता. मशीन अडकलं, दुकान दिवसभर बंद राहिलं, दात मात्र शाबूत निघाला.

लेकीची डिग्री मिळाली त्या दिवसाचं तर विचारूच नका. समारंभाहून घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं, हात धुतलेस का. तिला ती नीट बघूसुद्धा दिली नाही. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं, मशीनचे रोलर पुसले, दोन कोरे कागद काढून बघितले, आणि मग श्वास रोखून डिग्री आत सारली. एक फुगा नाही, एक सुरकुती नाही. पुढे कितीतरी दिवस ती गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेली असायची, आणि एका पानाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला आधी मुलीची डिग्री बघावी लागायची.

तर अशा माणसासमोर ती डोळे पुसून, जिना उतरून उभी राहिली आणि डिग्री काउंटरवर टाकली. प्लास्टिकमुळे शिक्का मिळत नाही म्हणाली. बाबांना आधी नीट कळलंच नाही. त्यांनी चष्मा वर सारला, डिग्री उजेडात धरली, तिरकी केली, कोपरे चाचपले.

"कुठे फुगा राहिलाय का?" त्यांनी विचारलं.

झालं, तिचा ताबाच सुटला. काय काय बोलली ती! कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला, कोणाला विचारून केलंत, माझी वस्तू होती की तुमची. बाबा ऐकून घेत होते. गिऱ्हाईक म्हणून उभी असलेली एक बाई हळूच पायरी उतरून निघून गेली. आणि बाबा काहीच बोलत नाहीत हे बघून तिला आणखी चेव आला.

"तुम्हाला मी जायलाच नको आहे," ती म्हणाली. "पोरीला घेऊन गेले की तुम्ही एकटे पडणार. म्हणजे बरंच झालं की तुमचं."

बाबांनी मशीनचं बटण बंद केलं. मशीनमध्ये कोणाचं तरी अर्धवट झालेलं कार्ड होतं, ते तसंच आत अडकून राहिलं. ती पाय आपटत वर गेली. त्या दिवसापासून घरात अबोला. आजोबांना जेवायला बोलव, आईला सांग दूध संपलं, असे सगळे निरोप पोरीमार्फत चालायचे, आणि पोरगी दोन्हीकडून गोळ्या वसूल करायची.

मग ती विद्यापीठात गेली. तिथल्या खिडकीवर एक कारकून होता, वयस्क, बोलायला गोड. त्याने डिग्री उलटसुलट करून बघितली आणि खरोखर कौतुकाने मान हलवली. इतकी जपून ठेवलेली डिग्री आपल्या उभ्या नोकरीत बघितली नाही म्हणाला. ती म्हणाली, साहेब, ही खराब झाली आहे, मला दुसरी हवी. तो म्हणाला, खराब कुठाय? त्याने नियम काढला. फाटली असेल, भिजली असेल, जळली असेल किंवा वाळवीने खाल्ली असेल, तर मूळ प्रत जमा करून घेऊन नवी देता येते. ही तर कोरी करकरीत आहे, हिच्यावर नवी कशी द्यायची? शिक्क्याचं ऑफिस म्हणतं खराब आहे, असं तिने सांगितलं. तर म्हणाला, मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा. ती शिक्क्याच्या ऑफिसात गेली. ते म्हणाले, आम्ही लिहून देत नाही, आम्ही शिक्का मारतो.

पुन्हा विद्यापीठ. आता तो गोड कारकून खिडकीतून पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, ताई, कशाला डोकं फोडून घेता, हरवली म्हणून लिहून द्या, पोलिसांत तक्रार नोंदवा, नवी मिळेल. म्हणजे बघा काय न्याय आहे. हरवणाऱ्याला मिळते, वाळवीला खाऊ घालणाऱ्याला मिळते, धडधडीत खोटं बोलणाऱ्याला तर सगळ्यात आधी मिळते, आणि जिच्या बापाने डोळ्यांत तेल घालून सांभाळली तिला मात्र नाही! तिनेही एक क्षण विचार केला, नाही असं नाही. पण त्याच डिग्रीचा स्कॅन अर्जाला जोडून पाठवलेला. हरवलेल्या डिग्रीचा ताजा स्कॅन कुठून आला, असं तिकडच्या कोणी विचारलं की व्हिसा तर गेलाच, वर खोटारडी म्हणून कायमची नोंद. तिने डिग्री पिशवीत घातली. खिडकीवरचा पितळी दांडा तिने असा काही आवळून धरला होता की घरी पोचेपर्यंत तळहातावरचा वळ गेला नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने हे सगळं त्याला ओरडून ओरडून सांगितलं, जणू नियम त्यानेच केले होते. तो बिचारा हं हं करत राहिला. दार उघडं होतं. फोन ठेवून ती वळली तर बाबा दारात उभे. कितीतरी दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलले.

"फाटलेली चालते म्हणाला का तो कारकून?"

ती तुटकपणे हो म्हणाली. बाबा म्हणाले, उद्या मी येतो तुझ्याबरोबर. कशाला, तिथे जाऊन सगळ्यांना प्लास्टिक चढवायला? असं तिने विचारलंच, जिभेला हाड कुठे होतं तिच्या त्या दिवसांत. बाबांनी ते कानाआड केलं आणि पोरीचं दप्तर भरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी खांद्याला लावून बाबा रांगेत उभे राहिले. ती त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून. खिडकी आली तशी बाबांनी कारकुनाला नमस्कार केला आणि तो नियम जरा वाचून दाखवता का म्हणून विनवलं. त्याने वाचला. बाबा म्हणाले, मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने. हे साफ खोटं, त्यांचे कान तिच्यापेक्षा तिखट आहेत. कारकुनाने मोठ्याने वाचला, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. फाटलेली म्हणजे दोन तुकडे झाले असले तरी? बाबांनी विचारलं. कारकून म्हणाला, हो, नाव आणि नंबर वाचता आला म्हणजे झालं.

बाबांनी लेकीपुढे हात केला. तिने डिग्री दिली. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, शर्टाच्या बाहीने एकदा पुसली, नाव कुठे आहे, नंबर कुठे आहे ते बोटाने बघितलं. मग पिशवीतून दुकानातली मोठी कात्री काढली.

"बाबा!" ती ओरडली, तोवर कात्री निम्म्यावर गेली होती. प्लास्टिक जाड होतं, जोर लावावा लागला. नावाच्या आणि नंबराच्या बरोबर मधून, सरळ रेषेत, त्यांनी ती शेवटपर्यंत कापली आणि दोन्ही तुकडे खिडकीतून आत सरकवले.

"फाटली," ते म्हणाले. "आता द्या."

कारकुनाचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे तुम्ही मुद्दाम केलंत, असं तो कसाबसा म्हणाला. मुद्दाम केलेलं चालत नाही असं त्यात लिहिलंय का, बाबांनी विचारलं, पुन्हा एकदा वाचा बरं. आणि त्या भल्या माणसाने खरंच पुन्हा वाचलं. रांगेत मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कारकुनाने तोंडातल्या तोंडात पुटपुटत एक अर्ज भरायला घेतला. नवी डिग्री चार दिवसांत, म्हणजे महिनाअखेरच्या बऱ्याच आधी मिळेल म्हणाला, अर्ज भरून होईपर्यंत बाहेर बाकावर बसा.

दोघं बाकावर बसली. बाबांचे हात मांडीवर होते. ज्या हातांनी कधी सुरकुती पडू दिली नव्हती तेच हात. तिला म्हणायचं होतं, बाबा, चुकले मी. तोंडातून निघालं ते भलतंच. कात्री अशी उघडी पिशवीत टाकतात का, लागली असती म्हणजे, असं ती खेकसली. बाबा म्हणाले, रुमालात गुंडाळली होती.

"मी त्या दिवशी दुकानात बोलले ते..." तिने सुरुवात केली.

"खोटं नव्हतीस बोलली," बाबा म्हणाले. "मला नकोच आहे तुम्ही जायला. पण प्लास्टिक त्यासाठी नव्हतं गं चढवलं."

तिच्याच्याने मान वर करवेना. बाबांनी पिशवीची घडी केली, उलगडली, परत केली.

"तिकीट दोघींचं एकदमच काढ," ते म्हणाले. "आधी तू जाशील आणि पोरीला मागाहून नेशील, असं नको करूस. मला दोनदा नाही जमायचं."

आतून तिला हाक आली. ती उठून खिडकीशी गेली. अर्ज भरून तयार होता, तिची सही तेवढी राहिली होती. नवी प्रत मागण्याचं कारण, या रकान्यात कारकुनाने आपल्या वळणदार अक्षरात 'फाटल्यामुळे' असं लिहिलं होतं. तिने ते वाचलं. आतापर्यंतचा सगळा राग, शिक्कावाल्यावरचा, या गोडबोल्यावरचा, स्वतःच्या जिभेवरचा, एकदम वर आला. तिने पेन उचललं, तो शब्द खोडला आणि त्याच्यापुढे ठसठशीत लिहिलं, 'माझ्या वडिलांना कापायला लावली.'

कारकून म्हणाला, ताई, एवढं लिहायची काही गरज नाही.

"मला आहे," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि अर्जावर शिक्का मारला. साध्या कागदावर शिक्का छान बसला.