इंदूरचे स्टेशनमास्तर

"कुणी घेतलं रं? कुणी घेतलं त्ये?" — हणमंता आमच्या वजनकाट्याच्या खिडकीत डोकं घालून ओरडत होता. पाडव्याचा दिवस, कपाळाला गंध, अंगात नवा शर्ट, आणि आवाज असा की मागं रांगेत उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांनी आपापली गाणी बंद केली. ड्रायव्हर लोकांना वाटलं, गड्याची मोटारसायकल चोरीला गेली. दोघं तर दांडकी घेऊन गेटकडे पळालेसुद्धा.

मोटारसायकल जागेवर होती. गेलं होतं ते नाव. आणि ते कुणी घेतलं, हे त्या अख्ख्या आवारात एकाच माणसाला माहीत होतं — खिडकीच्या आतल्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी पोटात गोष्ट ठेवणारा माणूस नव्हे. कोयनेच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून मी दुपारचं जेवण केलं, ही हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती म्हैससुद्धा खरी मानते. पण ही एक गोष्ट — ही खरी आहे, म्हणूनच बहुधा, तोंडातून निघत नाही.

आधी धंदा सांगतो, म्हणजे घोळ नको. मी कराडच्या बाजूला एका साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क. भरली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, पावती द्यायची. हणमंता कुंडलचा, सांगलीत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. पोटाला या नोकऱ्या, आणि जिवाला दुसरा नाद — इंटरनेटवरची नावं. अमुक डॉट कॉम, तमुक डॉट कॉम. जो आधी नोंदवेल त्याचं नाव. वर्षाला थोडी फी भरत राहायची, आणि कधी तरी ते नाव हवंच असलेला कुणी भेटला की विकायचं. यात पूर्णवेळ कुणीच नसतं. वडूजचा आमचा एक भिडू शाळेत मास्तर आहे, तो मुलांना शुद्धलेखन घालून स्वतः नावं शोधतो. हणमंता दोन पेशंटांच्या मधे शोधायचा — एका डोळ्यानं मोडलेलं हाड, दुसऱ्यानं मोबाईल. मी दोन ट्रॅक्टरांच्या मधे. माझ्याकडची नावं बघाल तर हसाल. उसापासून उंटापर्यंत सगळं घेऊन ठेवलंय, आणि उंटाला अजून गिऱ्हाईक नाही.

या नादात मला ओढलं हणमंतानं, आणि पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला — नाव आधी घ्यायचं, मग तोंडातून काढायचं. बायकोला नाही, देवाला नाही, कुणालाच आधी सांगायचं नाही.

आणि तोच माणूस पाडव्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर चहाच्या टपरीवर बसून नाव सांगून गेला! का? तर ते विकायचं नव्हतं. त्याच्या बायकोचं होतं. सुरेखावहिनी खपली गव्हाचा रवा आणि शेवया करतात. बाजारात त्यांना सगळे खपलीवालीच म्हणतात. तेच नाव, पुढं डॉट कॉम. पिशव्या छापून आल्या होत्या, त्यावर पत्ता ठसठशीत. मी विचारलं, नोंदवलंस का? तर म्हणाला, उद्या. साडेतीन मुहूर्तांपैकी एक सोडून आज कशाला, वहिनी स्वतःच्या बोटानं बटण दाबणार आहेत. हसत होता. शर्टाची घडी मोडायची वाट बघणाऱ्या पोरासारखा दिसत होता.

तो गेला. चहा अजून गरम होता. मी मोबाईल काढला.

का काढला? मला विचारू नका, मी स्वतःला विचारून थकलोय. त्याची दोन नावं चांगली विकली गेली होती, सगळे त्याला शेठ म्हणायला लागले होते, आणि माझा उंट तसाच बसून होता — ते असेल. मी स्वतःला सांगितलं, आपण घेऊन ठेवू, उद्या भेट देऊ. तेही खोटं. भेट द्यायची असती तर मालकाचं नाव झाकून ठेवायची सोय असते, ती मी कशाला घेतली असती? ती मी घेतली.

म्हणून पाडव्याला तो ओरडत आला. मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी त्याला मेल पोचतो; खिडकीत उभं राहूनच त्यानं त्या न दिसणाऱ्या मालकाला मेल लिहिला — आदरणीय साहेब, ते नाव माझ्या पत्नीचे आहे, कृपा करावी. पाठवला. आणि माझ्या खिशात मोबाईल थरथरला.

तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं — गड्या, मीच रे. त्यानं शिव्या घातल्या असत्या, एखादी कानाखाली दिली असती, आणि पुरणपोळीला घरी ओढत नेलं असतं. मी म्हणालो, "बघू या कोण हाय तो."

लोक म्हणतात, काट्यावरची माणसं काटा मारतात. मी कुणाच्या उसाचं एक कांडकंसुद्धा कमी तोललेलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. मी काटा मारला तो असा.

पण घेणं ही तरी लहान गोष्ट. खरी पुढं आहे.

हणमंता म्हणाला, तुझं तोंड लय चालतं, तूच बोल त्या मालकाशी. मग मालक कुणीतरी लागणार ना? दोन दिवसांनी मी मालक तयार केला. इंदूरचे एक रिटायर्ड स्टेशनमास्तर. एकटे राहतात. खोकला असा की फोनमधून कोळशाची राख पडावी. हट्टी. पैशाचं नाव काढलं की फोन ठेवतात. हे नाव त्यांनी का घेतलं? तर त्यांच्या आईला खपलीची खीर आवडायची. हे मी का जोडलं, देव जाणे — बोलता बोलता सुचलं, आणि छान वाटलं. माझी गोष्ट छान झाली की मला थांबवत नाही.

मग दर महिन्याला मास्तरांची खबर. मास्तर नरमलेत. मास्तर चिडलेत. मास्तरांनी मांजर पाळलंय. हणमंता ऐकून चरफडायचा. वहिनी मात्र वेगळंच ऐकत होत्या. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात रव्याची पिशवी दिली, वर गुळाची ढेप. म्हणाल्या, पार्सल करा भाऊजी, एकटा माणूस, त्यास्नी कोण करून घालणार.

आता सांगा, ते पार्सल मी कुठं पाठवणार होतो?

खीर आमच्या घरी झाली. मी दोन वाट्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, उत्तम झाली होती. आणि मास्तरांचा निरोप म्हणून मी वहिनींना सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दर संक्रांतीला, दर दिवाळीला पार्सल. वर्ष सरलं, फी भरायची वेळ आली. नसती भरली तर नाव आपोआप सुटलं असतं, हणमंतानं झडप घातली असती, कुणाला काही कळलं नसतं. मी भरली. मास्तरांना सोडून देणं जिवावर आलं, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा.

मग सांगलीत बचत गटांचं प्रदर्शन लागलं. मी गेलो. वहिनी टेबलामागं बसून पिशव्यांवरच्या पत्त्यावर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. पत्ता चालू नाही, गिऱ्हाईक शोधतं आणि मग फसवलं म्हणतं, म्हणून. पिशव्या टाकून द्यायला मन होत नव्हतं त्यांचं. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली आणि एक गठ्ठा माझ्याकडं दिला. मी बसलो. त्यांच्या शेजारी बसून, माझ्या मालकीच्या त्या नावावर, अंगठ्यानं दाबून दाबून चिठ्ठ्या चिकटवल्या. एक वाकडी गेली तर त्या म्हणाल्या, असू दे, तुम्ही कवा केलंय हे काम. आणि त्यांनीच चहा मागवला.

त्या दिवशी ठरवलं, परत द्यायचं. पण कसं? खरं सांगून? एवढी हिंमत असती तर पाडव्यालाच असती. मी माझ्या पद्धतीनं दिलं. मी मास्तरांना मारलं.

कुंडलला त्यांच्या घरी गेलो, सोप्यात बसलो, आवाज खाली आणला. मास्तर गेले म्हणालो. शांतपणे, झोपेत — तेवढी माया केली. त्यांची फी भरायची राहिली, नाव सुटलं, आणि मी वेळेवर टपून बसलो होतो. हे घ्या. तुमचं नाव. मी मोबाईल पुढं केला, नाव त्यांच्याकडं वळवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. हणमंतानं मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर त्याची हनुवटी होती, आणि मी — काय सांगू — त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी काहीतरी चांगलं केलंय.

वहिनी परातीत शेवया पसरत होत्या. हात थांबला. कधी गेले, घरात कोण होतं का, मांजराचं काय झालं, हे विचारलं. मांजराचंही मी सांगितलं. हणमंता म्हणाला, आता दाब की बटण, तुझ्यासाठी तर थांबलो होतो. त्यांनी हात पदराला पुसला, पण मोबाईल घेतला नाही. पुन्हा परातीवर वाकल्या.

"जित्तेपणी त्यांनी दिलं न्हाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता न विचारता घ्यायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या."