टोपवाली माइकसमोर

टोपवाली रस्त्यानं चालली की बघणाऱ्याला वाटावं, बाई भलतीच आखडू आहे. समोरून ओळखीचं माणूस आलं की ही मान फिरवायची, नाहीतर एखाद्या दुकानात टांगलेल्या बादल्यांकडं उगाच टक लावून बघत राहायची. गिऱ्हाइकांचाही तोच रिवाज. माडीवर जिनं आपल्या डोक्याला दुपारभर हात लावला, तिला बाजारात ओळख दाखवायची नाही. टोपवाली जिच्याशी बोलली तिच्या केसांकडं लोक बघणार, आणि एकदा बघायला लागले की बघतच राहणार.

ती केसांचे टोप करायची. कुणाचे केस आजारानं गेलेले, कुणाचे औषधांनी, कुणाचे काही कारण न देताच. जाळीच्या टोपीत बारीक आकड्याच्या सुईनं एकेक केस ओढून गाठ मारायची. मशीनवरचे टोप म्हणजे डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखे, असं ती म्हणायची. खाली पाटी होती ती नुसती 'शिलाईकाम' अशी, आणि जिना मागच्या बोळातून.

पण ती मशीनची पातेली घरपोच मिळायला लागली, स्वस्तात, आणि माडीवर येणारी पावलं कमी झाली. तिचा पोरगा आधी एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. ती नोकरी सोडून तो आईच्या धंद्यात आला आणि तिसऱ्याच दिवशी त्याला धंद्यातली खोट सापडली.

"आई, तू कुणाला माहीतच नाहीस."

"माहीत नाही म्हणून तर येतात."

"येतात कुठं?"

ती चिडली. चिडली की ती जोरात फण्या आपटायची.

पोरगा पॉडकास्टवाल्यांना पत्रं धाडत सुटला. माझी आई अशी, तिचं काम तसं, तुमच्या कार्यक्रमात तिला बोलवा. बरेच दिवस कुणी दाद दिली नाही. मग एकाचं बोलावणं आलं, तसा पोरगा हवेत तरंगायला लागला. "तासभर नुसतं बोलायचं, आई. लाखो माणसं ऐकतात. फुकटात जाहिरात."

"कुणाचं नाव घेणार नाही," ती म्हणाली.

"कोण घ्यायला सांगतंय?"

ती खोली म्हणजे भिंतींना काळा फोम चिकटवलेली एक पेटीच होती. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. समोर दाढी कोरलेला एक तरुण, दोन कॅमेरे, मागं एक मोठा पडदा, आणि पोरगा कोपऱ्यात स्टुलावर, लग्नात वरमाय बसावी तसा ताठ.

"मॅडम, तुमची जर्नी सांगा."

"मी कुठं गेले नाही. इतकी वर्षं त्याच माडीवर बसलेय."

तो खदखदून हसला, म्हणाला, मस्त, असंच बोला. मग मात्र तिची जीभ सुटली. कामाविषयी इतक्या प्रेमानं तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं, की कपाळाच्या कडेला केस मुद्दाम थोडे वाकडे लावायचे, देवानं लावलेले सरळ नसतात. आणि सांगितलं, की जुनं गिऱ्हाईक असलं की दरवर्षी टोपात दोन-चार पांढरे केस घालायचे. "बाईचं वय वाढतं, टोपाचं नको का वाढायला? नाहीतर शेजारीण आधी ओळखते."

"वा," दाढीवाला म्हणाला. "आणि हेच ते काम, बरोबर ना?"

मागच्या पडद्यावर फोटो उमटला. एका बाजूला बोडकं डोकं, दुसऱ्या बाजूला तेच डोकं केसांसकट. चेहरा पुसट केला होता. पण डावा कान स्वच्छ दिसत होता, आणि त्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती.

टोपवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो कान शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा होता, तिच्या जुन्या गिऱ्हाइकाचा. आख्ख्या शाळेला तो कान पाठ. त्यांच्या घरात नवऱ्याशिवाय कुणाला टोपाची कल्पना नाही, सासूलासुद्धा नाही. धुवायला टोप आणायच्या ते सुट्टीच्या दिवशी, डोक्याला रुमाल बांधून, मागच्या जिन्यानं. वाळेपर्यंत माडीवरच बसायच्या, आणि दर थोड्या वेळानं म्हणायच्या, "झाला का हो? जरा घाई करा." कामासाठी चारही बाजूंनी काढलेल्या फोटोंपैकी तो एक, दुकानाच्या फोनमध्ये होता, आणि तो फोन पोराकडं असायचा.

तिनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "हा कुणी दिला?"

दाढीवाल्यानं कोपऱ्यातल्या स्टुलाकडं बघितलं. पोरगा जमिनीकडं बघत होता.

"चेहरा पुसलाय, आई. आधीचा-नंतरचा फोटो असल्याशिवाय ते बोलवतच नाहीत."

"तुझं डोकं कुणी असं टांगलं असतं तर?" मग ती दाढीवाल्याकडं वळली. "पुसा ते."

"एडिटमध्ये काढतो, मॅडम. तुम्ही शांत व्हा. हा तुमचा राग पण फार खरा आहे, तो ठेवू या आपण."

"माझा राग विकायला काढला नाही मी," ती म्हणाली आणि उठली. दार उघडताना तिनं पुन्हा एकदा बजावलं. त्यानं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

कार्यक्रम आला, त्यात फोटो नव्हता. पण त्याच्या आधी, लोकांची उत्सुकता वाढावी म्हणून, त्यांनी एक मिनिटभराचा तुकडा सोडला होता. त्यात पांढऱ्या केसांची गोष्ट होती आणि बरोबर तो कान होता. तिनं फोन लावला तेव्हा दाढीवाला म्हणाला, मॅडम, तो तुकडा दुसऱ्या टीमनं केला. उतरवतो. त्यानं तो उतरवलाही, पण तोवर तो हातोहात फिरून आला होता.

माडीवरचा फोन वाजायचा थांबेना. पोरगा वहीत नव्या गिऱ्हाइकांची नावं लिहून घेत होता. आईसमोर तो दबकून बोलायचा, पण फोनवर आवाजात साखर पेरायचा. ती त्याच्याशी बोलतच नव्हती. ताट वाढायची, ते आपटून.

आणि मग भाजीबाजारात, ऐन गर्दीत, समोरून बाई आल्या. टोपवालीनं सवयीनं मान फिरवली आणि टोमॅटोच्या ढिगात डोळे घातले.

"नमस्कार," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

भाजीवाल्यानं वर बघितलं. आजूबाजूच्या दोन बायकांनी बघितलं. बाईंच्या डोक्याला रुमाल होता, आणि त्याखाली काही नव्हतं हे कुणालाही कळत होतं.

"इतक्या वर्षांची ओळख, आणि बघता काय अशा?" बाईंचा आवाज शांत होता, वर्गात पोरांना उभं करताना असतो तसा. "पोरं फळ्यावर कान काढून ठेवतात माझा. फाटका."

बाईंनी पिशवीतून एक कापडी पुडकं काढलं आणि टोपवालीच्या हातात ठेवलं. आत काय आहे ते तिला वजनावरूनच कळलं.

"धुऊन ठेवा. आता घाई नाही."

आणि त्या गेल्या.

टोपवाली भाजी न घेताच माडीवर आली. पुढच्या रस्त्यानं चालत आली, रडली नाही, फक्त धापा टाकत होती. पोरगा कानाला फोन लावून कुणाला तरी सांगत होता, की आमचं काम अगदी खात्रीचं. तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला, बंद केला आणि त्या जागी पुडकं ठेवलं.

"हे काय?"

"उघड."

त्यानं उघडलं. कपाळाच्या कडेचे वाकडे केस बघितले, त्यातले पांढरे बघितले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्या आल्या होत्या?"

"तू धुवायचास. माझ्यासमोर. वाळवायचास, विंचरायचास, आणि तूच नेऊन द्यायचास. पुढच्या दारानं, आता लपवायला उरलंय काय? सासू दार उघडेल, शेजारी बघतील. बाई काय बोलतील ते उभं राहून ऐकून घ्यायचं. पायऱ्या उतरायच्या नाहीत त्यांचं बोलून होईतोवर."

"आई, आणि त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत जायचं."

तो हळू आवाजात म्हणाला, "मी आपल्यासाठीच केलं गं."

"माहिताय," ती म्हणाली. "म्हणून तर हात उचलत नाहीये." तिनं कोमट पाण्याचं घमेलं त्याच्या पुढ्यात सरकवलं. "बाह्या वर कर. आणि चोळू नकोस, केस आहेत ते कुणाचे तरी."