पासाकाल्याचे चार सूर

स्टॅनमोरच्या ट्रेनमध्ये रोज समोर बसणाऱ्या त्या गोऱ्या आजोबांवर माझा पक्का संशय होता. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर तेच चार ठोके देत राहायची आणि नजर थेट माझ्या बॅगेवर. एकदा मी बॅग पोटाशी धरून विचारलंच, "कुणाला खुणा करताय?"

"पासाकाल्या वाजवतोय," ते म्हणाले. "जुना संगीतप्रकार. डावा हात तेच चार सूर फिरवतो, उजवा त्यावर खेळतो. स्ट्रोकनंतर दोन्ही एकदम चालवले की माझा उजवा रुसतो. रविवारी जमलं नाही, तर चर्चचा ऑर्गन दुसऱ्याकडे जाईल."

आमच्याकडे तबल्याला पेटीवर तीच ओळ फिरवत लेहरा धरतात, तसंच की हे. "डावा मी धरते," मी म्हटलं. "तुम्ही उजवा बघा."

मी बॅगेवर चार बोटं वाजवू लागले. त्यांचा उजवा हात अडखळत निघाला. शेजारच्या बाईंनी आपली पर्स हळूच पोटाशी ओढली.