सदतीस नंबरची नळी

डॉक्टर माया खरात यांच्याबरोबर गाडीत बसायचं असेल तर आधी पोटभर खाऊन घ्यावं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. मॅडम एकदा निघाल्या की काम होईस्तोवर चहासुद्धा नाही. मी रविराज. फौजेतून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालो, सोळा वर्षं जवानांची रक्तं काढली. पण एवढा कडक साहेब मला सरहद्दीवरसुद्धा भेटला नव्हता.

सांगलीत आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. मनाच्या आजाराची औषधं कुणाला लागू पडतात, कुणाला बाधतात आणि त्याचा घराण्याशी काय संबंध, हे मॅडम तिथं शोधतात. मूळच्या त्या माण तालुक्यातल्या. वडील केरूनाना मुंबईत गोदीत कामाला, आई गावाकडं शेरडं सांभाळायची. एमडी झाल्यावर पुण्यात दवाखाना घालून बसल्या असत्या तर आज बंगला असता, असं सगळेच म्हणतात. मी एकदा तोंडावर विचारलं.

"आमच्या गावात बनाबाई होती," मॅडम म्हणाल्या. "तिचं डोकं फिरलं होतं, गोळ्यांनी ताळ्यावर आली. मग त्याच गोळ्यांनी हात असे कापायला लागले की भाकरी थापता येईना. तिनं गोळ्या फेकून दिल्या. गाव म्हणालं, हिलाच बरं व्हायचं नाही. मला अजून राग येतो."

"गावाचा?"

"गोळी देताना माणूस कोण आहे हे न बघण्याचा."

आता मेढ्याच्या वरच्या वाडीची गोष्ट सांगतो, कारण तिथं मी माती खाल्ली. त्या वाडीत सपकाळांची भावकी. त्यांच्यातल्या चार माणसांना वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी मनाच्या आजाराची गोळी दिली, अगदी नेहमीच्या मापानं. चौघांचीही मान वाकडी झाली, जीभ जड झाली, जबडा बसला. तेव्हापासून वाडीत एकच बोलणं, औषधानं माणसाचं लाकूड होतं. मॅडमना हे कुणीतरी सहज सांगितलं आणि झालं, बाई पेटल्या. दोन वर्षं आम्ही तो घाट चढत होतो.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. आपल्या लिव्हरमध्ये गोळी पचवून टाकणारा एक पदार्थ असतो. तो कसा बनवायचा हे आईबापांकडून आलेल्या जनुकांत लिहिलेलं असतं. काहींच्या अंगात तो बनतच नाही. मग आजची गोळी पचायच्या आत उद्याची पोटात जाते, साठत जाते आणि माणूस लाकूड होतो. म्हणजे औषध वाईट नाही, माप चुकतंय. हे सिद्ध करायचं तर भावकीतल्या प्रत्येकाचं रक्त हवं.

सगळ्यात जास्त गरज होती राजेश्वरीची. मानसिंगराव सपकाळांची मुलगी, वय बावीस, बीएस्सी झालेली. तिला रात्ररात्र झोप नाही, बोलणं थांबेना, कानात कुणीतरी हाका मारतंय म्हणायची. मागच्या वर्षी गोळ्या सुरू केल्या तर मान उजवीकडं फिरून तशीच अडकली. आईनं, आक्काताईनं, गोळ्या चुलीत घातल्या. आता दुखणं पुन्हा उसळलं होतं. साताऱ्याचे डॉक्टर आमच्या तपासणीसाठी थांबले होते. रिपोर्ट आला की सोमवारी औषध सुरू.

तिचं रक्त मी काढलं. म्हणजे तसं मला वाटलं. मॅडम शेजारच्या घरी म्हाताऱ्यांशी बोलत होत्या. राजेश्वरीला मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आक्काताईनं आतून एक मुलगी आणली, पंजाबी ड्रेस, ओढणी डोक्यावरून, मान खाली. नियम होता आधार कार्ड बघायचा. "कार्ड झेरॉक्सला मेढ्याला दिलंय," आक्काताई म्हणाली. म्हटलं असेल. मी नस बघणारा माणूस, तोंड कशाला बघतोय! रक्त घेतलं, संमतीच्या कागदावर सही घेतली, नळीवर सदतीस नंबर घातला. वर तिची पाठही थोपटली, भित्री दिसत्येस गं म्हणून. गाढवपणा म्हणजे किती.

त्यानंतर आक्काताईचा रोज फोन. "कागद झाला का वो? कवा देताय कागद?" मला कौतुक वाटायचं, आई कशी लेकीसाठी झुरतेय.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी मला हाक मारली. संगणकासमोर सदतीस नंबर आईबापांच्या नळ्यांशी ताडून बघत बसल्या होत्या.

"रविराज, सदतीस नंबर ही मानसिंगरावांची मुलगी नाही."

"आयला!" माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे आक्काताईची काही भानगड..."

मॅडमनी खुर्ची अशी वळवली की मी दोन पावलं मागं सरलो. "ती आक्काताईंचीही मुलगी नाही. आता बोला. बाप सोडा, आईपण दुसरी? बाईमाणसाचं नाव घ्यायच्या आधी जरा डोकं वापरत जा."

माझी मान खाली गेली. पण फौजेतला ताठाही जाईना. "मॅडम, माझ्या नळ्या कधी चुकत नाहीत."

"नळी चुकली नाही. माणूस चुकला. कुणाचं रक्त काढलंत?"

मला ती ओढणी आठवली आणि कार्ड बघितलं नव्हतं ते सांगून टाकलं. मॅडमनी साताऱ्याला फोन लावला, "राजेश्वरीचं औषध माझ्या शब्दाशिवाय सुरू करू नका" म्हणून सांगितलं, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. सांगली ते मेढा त्या वहीत डोकं घालून बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आक्काताई अंगणात पायरीवरच बसली होती. "आणला कागद?"

"नाही आणला," मॅडम म्हणाल्या. "ते रक्त कुणाचं होतं?"

दारात सून उभी होती, शिवांजली. आज साडी होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ चावला. मी ओळखलं. डोकंच सणकलं माझं. "बाई, तुमाला काय वाटतं काय? लोकं येडी हायती? दोन वर्सं आमी हितं..."

"रविराज, गप्प," मॅडम म्हणाल्या.

आक्काताई मात्र डगमगली नाही. "व्हय, सुनंचंच हाय. परवा पाव्हणं येणार हायती, कोरेगावचं स्थळ हाय. पोरीचं खरं रगत दिलं आन त्यात येड निघालं तर? सून भाईरच्या घरची, तिचं रगत सोच्छ. म्हणलं, राजीच्या नावानं सोच्छ कागद यील, पाव्हण्यास्नी दाखवू. कुणाचं काय जातंय त्यात?"

मॅडम पायरीवर बसल्या, तिच्या शेजारी. "आक्काताई, या तपासणीत वेड दिसत नाही. शरीर गोळी किती लवकर पचवतं, एवढंच दिसतं. तुमच्या सुनेचं शरीर झटकन पचवतं. तो कागद साताऱ्याला गेला असता तर सोमवारी राजेश्वरीला पूर्ण माप दिलं असतं. मागच्या वेळी मान अडकली. या वेळी गळा आवळला असता तर श्वास अडकला असता. तुमच्या स्वच्छ कागदानं तुमची लेक गेली असती."

आक्काताईचा चेहरा पांढरा पडला. पण बाई मोठी चिवट. "तुमी तसं म्हणणारच. तुमाला तुमचं पुस्तक लिवायचंय. आमच्या पोरीचं नाव त्यात जाणार."

मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि सदतीस नंबरच्या ओळीवर, आमच्या सगळ्यांच्या देखत, आडवी रेघ मारली. "गेली ती अभ्यासातून. माझ्या पुस्तकात ती नाही. आता फक्त तिच्या औषधासाठी रक्त द्या."

 त्या एका मुलीवाचून सगळा अभ्यास लंगडा होणार होता, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्याहून जास्त. मी "मॅडम..." म्हणत पुढं झालो तर त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात आतून राजेश्वरी आली. केस पिंजारलेले, डोळे लाल, चार दिवसांची झोप नसलेली. भराभरा बोलत होती, एका वाक्यात तीन विषय, पण मधेच थांबून आईला म्हणाली, "सगळ्यास्नी इचारलंस. वैनीला इचारलंस, पाव्हण्यास्नी इचारशील. मला इचारलंस का कवा? माजी मान वाकडी झाली हुती, तुजी न्हाई." आणि बाही वर करून माझ्यासमोर बसली. "घ्या वो काका. आणि ते खोडलेलं परत लिवा."

"आत्ता नाही," मॅडम म्हणाल्या. "झोप झाली, डोकं शांत झालं की विचारीन. तेव्हा नाही म्हणालीस तरी चालेल."

 आक्काताई उठून आत गेली, आणि आधार कार्ड आणून माझ्या हातात दिलं. डोळ्यांतून धार लागली होती बाईच्या. माझा राग कुठं गेला कळलंच नाही.

रविवार उजाडायच्या आत मॅडमनी तपासणी पूर्ण केली, स्वतःच्या हातानं. बापासारखंच निघालं, गोळी पचवणारा पदार्थ शून्य. साताऱ्याच्या डॉक्टरांशी तासभर बोलून औषध बदललं, तेही चिमूटभर मापानं, आणि पंधरा दिवसांनी कणभर वाढवायचं ठरवून. पाहुण्यांना मानसिंगरावांनी पोरगी आजारी आहे म्हणून पुढची तारीख दिली. पहिले सहा आठवडे मॅडम दर शनिवारी घाट चढायच्या. राजेश्वरीला उभी करून मान डावी-उजवी फिरवायला लावायच्या, हात पुढं धरायला लावायच्या. मान फिरत होती. तिसऱ्या आठवड्यात पोरगी सलग सात तास झोपली. आईनं ते फोन करून सांगितलं तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण मलाच नीट दिसेना.

दिवाळीनंतर तीच कोरेगावची मंडळी पुन्हा आली. त्याच दिवशी दुपारी आक्काताईचा फोन. मॅडमचे हात कामात होते म्हणून फोन मी स्पीकरवर टाकला.

"पाव्हणं आलं हुतं," आक्काताई म्हणाली. "चा झाला, पोहं झालं. मग मीच सांगितलं, पोरगी गोळी खाती. लग्नानंतर बी खाणार. तिचं माप येगळं हाय, ते संबाळायला लागंल."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय? उटलं आन गेलं."

मॅडमनी हातमोजे काढले.  "आक्काताई, मला वाईट वाटतंय हो."

"वाईट कशापायी? गेलं तर जाऊ द्यात," आक्काताई म्हणाली. "मी त्येच्यासाटी फोन न्हाई केला. राजीची पट्टी बुधवारी सपती. एक दिस बी खाडा नगं. पुढच्या गोळ्या घ्यायला म्या साताऱ्याला मंगळवारी जाऊ का सोमवारीच निगू?"